प्याला आणि पहारा

दिवाळीच्या दिवसांत एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात अंक घेऊन बसलेल्या वाचकापुढे दारूचा विषय काढणे सभ्यपणाचे नव्हे, हे मला कळते. परंतु महाराष्ट्रात या विषयाला घरात बसायला पाट मिळालेला आहे, आणि तो राम गणेश गडकऱ्यांनी मिळवून दिला. ‘एकच प्याला’ आजीने पाहिले, आईने पाहिले, सुनेने पाहिले. तिघींनी एकाच रांगेत बसून डोळ्यांना पदर लावला. ज्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही, त्या घरातही सुधाकर आणि सिंधू ही माणसे ओळखीची आहेत. तेव्हा या नाटकाचे बोट धरून मी हा विषय फराळाच्या ताटाजवळ आणला, तर वाचकांनी क्षमा करावी.

निमित्त घडले ते असे. मागल्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘एकच प्याला’तील शेवटचा प्रवेश बसवावा असे ठरले, आणि मराठीचा मास्तर म्हणून ते काम माझ्याकडे आले. वर्धा जिल्ह्यातली खेड्यातली शाळा. नववीतली एक मुलगी सिंधू झाली होती. मुलगी हुशार, आवाज स्वच्छ, पाठांतर चोख. तिसऱ्या दिवशीच्या तालमीत फौजदार येतो त्या जागी ती थांबली आणि म्हणाली, “सर, ती खोटं कायले बोलते?”

मी म्हणालो, “ती पतिव्रता आहे, म्हणून. नवऱ्यावर आळ येऊ नये असं तिला वाटतं.”

ती म्हणाली, “पण पोलीस तर दारातच आले होते न.”

एवढे बोलून ती गप्प राहिली. मी घड्याळाकडे पाहिले आणि तालीम पुढे चालवली. त्या मुलीच्या घरी काय चालते हे मला ठाऊक नव्हते असे नाही. लहान गावात मास्तराला पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात. ठाऊक असूनही तो त्या हजेरीपटावर लिहीत नाही. परंतु त्या रात्री मी कपाटातून जुने ‘एकच प्याला’ काढले आणि पहिल्यापासून वाचू लागलो. इतकी वर्षे हे नाटक मी शिकवीत आलो, त्यात कोण पितो हे पाहत आलो. कोण पाहतो, हे मी कधी पाहिलेच नव्हते.

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. सावनेर आमच्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यातले. म्हणून या नाटकाविषयी आम्हा वैदर्भीयांना थोडे अधिक आपलेपण. लेखक गेल्यानंतर महिन्याच्या आतच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला पहिला प्रयोग केला. गणपतराव बोडस सुधाकर झाले आणि बालगंधर्व सिंधू. शालू-शेल्यांत शोभणारा तो नट गरिबीचे लुगडे नेसून रंगभूमीवर आला आणि प्रेक्षकांच्या काळजाला हात घातला. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची होती. हा इतिहास बहुतेकांना माहीत आहे. नाटकाचा अर्थही आपण तसाच ‘माहीत असलेला’ धरून चालतो: दारू वाईट, एका प्याल्याने सुरुवात होते, संसाराची राखरांगोळी होते. हा अर्थ खोटा नाही. परंतु एवढेच सांगायचे असते तर भिंतीवर लिहून भागले असते. त्यासाठी पाच अंक कशाला?

सुधाकर पहिला प्याला का घेतो ते पाहा. त्याला चव लागलेली नाही, सोबत वाईट नाही, घरात दुःख नाही. तो हुशार, मानी वकील आहे. भर कोर्टात त्याचा मुन्सफाशी खटका उडतो आणि काही महिन्यांसाठी सनद जाते. चार माणसांदेखत झालेला अपमान तो विसरू शकत नाही. लोकांनी आपल्याला पडलेले पाहिले, ही त्याची वेदना. अशा वेळी तळीराम प्याला पुढे करतो. त्या प्याल्यात घटकाभर कोणाचीच नजर पोहोचत नाही, स्वतःची सुद्धा नाही. गडकऱ्यांचे माणसाचे ज्ञान येथे दिसते. दारूची गोडी दारूत कमी असते. दिसेनासे होण्यात अधिक असते.

मग गडकरी एकेक करून पाहणारे डोळे दूर नेतात. ज्याच्यापुढे सुधाकराला लाज वाटली असती तो रामलाल विलायतेला निघून जातो. त्याच्या जागी येते ‘आर्य मदिरा मंडळ’, म्हणजे सगळेच पिणारे. तेथे कोणी कोणाला पाहत नाही. या मंडळाचे प्रवेश विनोदी आहेत. प्रेक्षक हसतात, तळीरामाच्या कोट्या घरी जाऊन सांगतात, आणि ‘गडकऱ्यांनी दारूड्यांना करमणूक पुरवली’ असा आक्षेपही कोणी घेतो. मला तो आक्षेप पटत नाही. सार्वजनिक कार्याची झूल पांघरून, सभा-ठरावांच्या भाषेत पिणारी ही माणसे आपल्याला हसवतात, कारण अशी मंडळे आपण पाहिलेली असतात. नजरेतून सुटायचे तर एकट्याने लपण्यापेक्षा दहा जणांनी मिळून एक संस्था काढणे सोपे, हे त्या विनोदामागचे सत्य आहे.

आणि चौथ्या अंकातली गोष्ट तर आपण हळहळून सोडून देतो. सुधाकर दारू सोडतो! खरोखर सोडतो. बायकोचे हाल पाहून त्याला उपरती होते आणि तो काम मागायला बाहेर पडतो. पण ज्या गावाने त्याला पिताना पाहिले, ते गाव त्याला न पिताना पाहायला तयार नसते. कालपर्यंत ओळखीचे असलेले लोक त्याच्याकडे दारूड्या म्हणूनच पाहतात. तो परत फिरतो तो प्याल्याकडेच. ज्या नजरेने त्याला वाचवायचे, तीच त्याला ढकलते. शंभर वर्षांपूर्वी लिहिलेला हा भाग मला आज सर्वांत ताजा वाटतो.

त्याचे कारणही सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावातला एक गृहस्थ पिऊन बसस्टँडवर पडला. कोणीतरी मोबाइलवर त्याचे चित्रण केले. संध्याकाळपर्यंत ते गावातल्या प्रत्येक घरात पोहोचले होते, आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. पूर्वी अशा माणसाला कोणीतरी खांद्याला धरून घरी नेऊन टाकीत असे. शिव्या देत नेत असे, पण नेत असे. त्या दिवशी पन्नास जणांनी पाहिले आणि एकानेही उचलले नाही. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. तो चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी आला तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला. बाप त्यानंतर पीत राहिला. फक्त गावात पीत नाही, नदीपलीकडे जाऊन पितो.

नदीपलीकडे म्हणजे काय, हे इतर जिल्ह्यांतल्या वाचकांना सांगायला हवे. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी राहायला आले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. पवनारला विनोबांचा आश्रम. या पुण्याईमुळे सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून आमचा सबंध जिल्हा दारूबंदीचा. वर्धा जिल्ह्यात सरकारमान्य दारूचे दुकान नाही. पण वर्धा नदी ही सरहद्द, आणि तिच्या पलीकडे यवतमाळ आणि अमरावती जिल्हे. तेथे दुकान उघडे. पुलाच्या अलीकडे जो गुन्हा, तोच पुलाच्या पलीकडे गिऱ्हाइकी! त्यामुळे पुलावर पहारा, दुचाकीच्या डिकीत पव्वे, नाल्याकाठच्या झुडपांत मोहाचा सडवा, आणि पहाटे पोलिसांची ‘वॉशआऊट मोहीम’ हे आमच्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांचे नेहमीचे वाचन. पिण्याची रीतही बदलली. माझ्या लहानपणी दारू म्हणजे गावाबाहेरची भट्टी. माणूस तिकडे जाताना दिसे, येताना तर फारच दिसे. आता बाटली माणसाकडे येते. फोन केला की येते. चौकात ग्रामपंचायतीने कॅमेरा लावला; पिणारे मागल्या गल्लीने जाऊ लागले, एवढाच फरक पडला.

सरकारच्या नजरेचा इतिहासही ‘एकच प्याल्या’च्या पुढल्या अंकासारखा वाचता येतो. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १६ जून १९४९ पासून अमलात आला. (वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होते, मुंबई राज्यात ते १९५६ साली आले.) ज्याला प्रकृतीसाठी लागते त्याला डॉक्टरच्या शिफारशीने परमिट, बाकीच्यांना बंदी. मग पोलीस तोंडाचा वास घेऊ लागले. वास आला तर तो दारूचा की औषधाचा, यावर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेले. १९५१ साली त्या न्यायालयाने औषधे आणि प्रसाधने यांच्यापुरती काही कलमे रद्दही केली. १९५९ च्या दुरुस्तीने वासावरून गोष्ट रक्तावर आली: रक्तात मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त आढळले, तर ते औषधातून आले हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. म्हणजे नजर तोंडापासून सुरू झाली ती शिरेपर्यंत जाऊन पोहोचली. साठीपासून कायदा हळूहळू सैल झाला, पण परमिट राहिले. आजही पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर ‘परमिट रूम’ अशी पाटी दिसते आणि पिणाऱ्याजवळ परवाना असावा असा नियम कागदावर आहे. आत बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात तो असतो, हे सांगायला ज्योतिषी नको.

या परमिटाला आपल्या नाटकाने १९७२ साली उत्तर दिले. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग त्या वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात झाला. ते दारूचे नाटक नव्हे हे मला मान्य आहे. पण ते पहाऱ्याचे नाटक आहे. कनोजहून आलेल्या घाशीरामाचा पुण्यात अपमान होतो, चोरीचा आळ येतो, आणि सूड म्हणून तो स्वतःची मुलगी नाना फडणविसांना देऊन कोतवाली मिळवतो. मग रात्री बाहेर पडायला परवाना, याला परवाना, त्याला परवाना. प्रेक्षक त्या दृश्यांना हसत, कारण परमिट हा शब्द त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. गडकऱ्यांचा फौजदार शेवटच्या प्रवेशात दारात उभा राहतो. तेंडुलकरांचा कोतवाल रंगमंच व्यापतो. आणि गंमत पाहा, सुधाकर आणि घाशीराम या दोघांची सुरुवात एकच: चारचौघांतला अपमान. एक प्याल्याकडे गेला, दुसरा पहाऱ्याकडे. तेंडुलकरांनी दाखवले ते असे की पाहणाऱ्यालाही एक नशा असते, आणि तिच्यावर कोणताच कायदा दारूबंदी करीत नाही.

हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने एका इंग्रज लेखकाने सांगितली आहे. जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी जून १९४९ मध्ये निघाली. आपला मुंबईचा दारूबंदी कायदा अमलात आला त्याच महिन्यात. हा नुसता योगायोग, पण विचार करायला लावणारा. त्या कादंबरीतले राज्य माणसाच्या घराच्या भिंतीतून त्याच्यावर डोळा ठेवते, आणि तेच राज्य त्याला ‘व्हिक्टरी जिन’ नावाची तेलकट, घशाला जाळणारी दारू पुरवते. नायक विन्स्टन शेवटी पुरता मोडतो तेव्हा तो एका कॅफेत बसलेला असतो, आणि वेटर न मागता त्याचा ग्लास भरीत असतो. नजर आणि बाटली एकाच हातात गेली की माणसाचे काय होते, याचे याहून भयंकर चित्र मी वाचलेले नाही. याच ऑर्वेलने तीन वर्षे आधी, १९४६ साली, एका वृत्तपत्रात आपल्या आवडत्या पबाविषयी लेख लिहिला होता: तेथे शेजारी भेटतात, वाढणाऱ्या बायका गिऱ्हाइकांना नावानिशी ओळखतात, मागल्या बागेत मुले खेळतात. आणि लेखाच्या शेवटी तो कबूल करतो की असा पब कोठेच नाही! म्हणजे इंग्रजांच्या मनातही पिण्याची चांगली जागा तीच, जेथे पाहणारा माणूस ओळखीचा आहे.

त्यांच्या देशाने प्रयोगही थोडे केले नाहीत. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, दुसऱ्याला दारू पाजण्यावरच तेथे बंदी घातली गेली. ज्याने त्याने आपापल्या पैशाने प्यावी, मित्राला ‘एक घे’ म्हणू नये! लंडनला अशी बंदी झाली तेव्हा आपला तळीराम अजून रंगभूमीवर यायचा होता. पण त्या अधिकाऱ्यांना तो चांगला ठाऊक होता असे दिसते. १९३७ नंतर काही अभ्यासक बोल्टन या गिरणीगावातल्या पबांत कोपऱ्यात बसून, कोण किती वेळात ग्लास संपवतो याची नोंद करीत. त्यांचे पुस्तक १९४३ साली निघाले. त्यांना आढळले की एका टेबलावरची माणसे आपापले ग्लास जवळजवळ एकाच वेळी खाली ठेवतात. म्हणजे पिणारा माणूस सुद्धा शेजाऱ्याकडे बघूनच पितो. १९६७ पासून तेथे मोटार हाकणाऱ्याचा श्वास यंत्राने तपासतात. आता कित्येक पबांना परवाना देताना कॅमेऱ्याची अट असते. इकडे पब एकामागून एक बंद पडत आहेत आणि तिकडचे पुष्कळसे पिणे घराच्या चार भिंतींत गेले आहे. कॅमेरा रस्त्यावर आणि बाटली घरात: वर्धेत काय, विलायतेत काय, शेवटी सगळा भार घरातल्या माणसाच्या डोळ्यांवर येऊन पडतो.

म्हणून पुन्हा सिंधूकडे यावे लागते. नाटकात सगळे पाहणारे एकेक करून जातात, फसतात किंवा उशिरा पोहोचतात. राहते ती सिंधू. तिने सगळे पाहिले आहे. दळणाचे जाते पाहिले, उपास पाहिला, अखेर नशेच्या भरात घरात मृत्यू शिरलेला पाहिला. या सबंध प्रकरणाची एकमेव पूर्ण साक्षीदार ती आहे. आणि राज्याची नजर, म्हणजे फौजदार, जेव्हा प्रथमच त्या घरात येतो, तेव्हा ही साक्षीदार मरता मरता नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटे सांगते. कायदा हात हलवीत परत जातो. शंभर वर्षे आपण या जागी रडत आलो आहोत. रडण्याच्या भरात एक गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही: ज्या नजरेत माया आहे तिला जीभ नाही, आणि ज्या नजरेला अधिकार आहे तिला दिसत काहीच नाही. ‘एकच प्याला’ची शोकांतिका मला येथे दिसते. प्याला हे तिचे निमित्त.

गडकऱ्यांना हे कळले होते की नव्हते? मला वाटते, कळले होते. पण त्यांनी ते चुकीच्या पात्राच्या तोंडी घातले. वाचकांना गीता आठवते का? तळीरामाची बायको. ती गप्प बसणारी नाही. नवऱ्याच्या दारूविषयी ती उघड बोलते, फणकारते, चार माणसांना ऐकू जाईल असे बोलते. सिंधूला जे सोसायचे असते ते गीतेला सांगायचे असते. पण नाटककाराने तिला विनोदी कथानकात ठेवली. सिंधूला पदे मिळाली, अश्रू मिळाले, बालगंधर्वांचा गळा मिळाला. गीतेला हशा मिळाला. गीतेचे बोलणे आपण ‘कजाग बायकोची कटकट’ म्हणून ऐकले आणि सिंधूचे मौन ‘आदर्श’ म्हणून पाठ्यपुस्तकात घातले. नाटककाराचा हा एकच दोष, पण केवढा महाग! शिवाय तो त्यांच्या एकट्याचा नव्हे. प्रेक्षकांचा आहे, मास्तरांचा आहे, आणि माझ्यासारख्या कादंबरीकारांचा तर आहेच. माझ्या एका कादंबरीत मी अशीच एक सोशिक बाई रंगवली. नवरा पितो, ती सोसते आणि शेवटल्या प्रकरणात निमूटपणे मरते. वाचकांची पत्रे आली, ‘फार रडलो’ म्हणून. ती पत्रे मी जपून ठेवली होती. आता ती वाचायला संकोच वाटतो.

कारण माझ्या डोळ्यांसमोर विदर्भातल्या बायकांनी ते नाटक दुरुस्त करायला घेतले आहे. १९३० साली दारूच्या दुकानांपुढे निरोधन करण्याचे काम गांधीजींनी मुद्दाम स्त्रियांकडे दिले होते. दुकानात शिरणाऱ्याने निदान आपल्या आया-बहिणींच्या डोळ्यांना डोळा देऊन आत जावे. तो धागा येथे तुटला नाही. गडचिरोलीत आंदोलन झाले आणि १९९३ साली दारूबंदी आली. चंद्रपूरच्या बायका २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरला विधिमंडळापर्यंत पायी चालत आल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्हा बंदीचा झाला, आणि २०२१ साली सरकारने ती बंदी उठवली. अवैध धंदा वाढला, महसूल बुडाला, ही कारणे सांगितली गेली. ती सर्वस्वी खोटी होती असे मी म्हणणार नाही. पुलावरचा पहारा कसा असतो हे आम्ही वर्धेकर जाणतो. पण हिशेबात एक रकाना राहून गेला असे मला वाटते. इतकी वर्षे मनात साचलेले ज्या बायकांनी रस्त्यावर येऊन सांगितले, त्यांच्या सांगण्याचे मोल त्यात कोठे धरले होते?

महाराष्ट्रात दुसरीकडे ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असे मतदान होते. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर गावचे दुकान बंद होते. या पद्धतीतली मला भावणारी गोष्ट म्हणजे मतपेटीभोवतीचा तो पडदा. सगळीकडे माणसावर नजर ठेवून दारू थांबवायचे प्रयत्न झाले. येथे बाईवरची नजर काढून घेतली. सासू नाही, नवरा नाही, दुकानदार नाही, कॅमेरा नाही. तेथे ती एकटी उभी राहते आणि तिने जे पाहिले ते सांगते. सिंधूला फौजदाराऐवजी असा एक पडदा मिळाला असता तर? आमच्या जिल्ह्यात दुकानच नसल्याने असे मतदान नाही. पण कित्येक गावांतली महिला मंडळे रात्री काठ्या घेऊन दारू पकडायला बाहेर पडतात, पोलिसांना बोलावतात आणि पंचनाम्यावर आंगठा किंवा सही करतात. या सिंधूच्या लेकी नव्हेत. या गीतेच्या नाती आहेत.

यावर कोणी विचारील की मग नुसती नजर बोलती झाली म्हणजे दारू सुटते का? नाही सुटत. सुधाकराच्या चौथ्या अंकाचे काय करायचे हा प्रश्न उरतोच. जो सोडून आला त्याला काम कोण देणार, त्याचे चित्रण मोबाइलमधून कोण पुसणार, आणि त्याचा मुलगा शेवटच्या बाकावरून पुढे कसा येणार? कायदा हे करणार नाही. कायद्याचे ते कामही नव्हे. हे गावाने करायचे आहे, आणि गाव म्हणजे तुम्ही-आम्ही. त्या मुलाला मी पुढल्या बाकावर बसवले, यापलीकडे माझी मजल गेलेली नाही, हेही कबूल करतो.

असो. स्नेहसंमेलनाचे सांगायचे राहिले. प्रयोग झाला. पालक आले होते, बायाही पुष्कळ आल्या होत्या. फौजदार झालेल्या मुलाची मिशी निम्मी सुटली तेव्हा लोक मनमुराद हसले. मग त्याने प्रश्न विचारला, आणि सिंधू झालेली ती मुलगी थांबली. तालमीत ठरले होते त्याहून बराच वेळ थांबली. मी पडद्याआडून पुटपुटलो. ती विसरली असे मला वाटले. ती विसरली नव्हती. ती समोर बसलेल्या बायांकडे पाहत होती, आणि बाया तिच्याकडे. मग तिने गडकऱ्यांचे वाक्य म्हटले. जसेच्या तसे, एक शब्द न चुकता. टाळ्या पडल्या.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही. यंदा ती दहावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की वर्गात ‘एकच प्याला’ पुन्हा काढायचे ठरवले आहे. या वेळी गीतेपासून सुरुवात करणार आहे.